अंगाचा रंग आणि वस्त्राचा डाग



लग्नघरांत हळदीच्या आदल्या दिवशीं घरांतील एखादी वडीलधारी बाई गाठोडें सोडून दोन जुनेरें बाजूला काढून ठेवते. शालूची घडी मागाहून मोडावयाची; हळदीला मात्र जुनेर. त्या बाईनें रसायनशास्त्राचा ग्रंथ कधीं उघडलेला नसतो. परंतु अंगाला लावलेला रंग वस्त्राला लागल्यावांचून राहत नाहीं, आणि अंगावरून तो चार दिवसांत उतरला तरी वस्त्रावरून उतरेलच असा भरंवसा नाहीं, एवढें तिला पुरतें ठाऊक असतें. आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे, तो याच अनुभवाचा आहे. फरक इतकाच कीं, त्यांतील रंग हळदीचा नव्हे. उन्हांत न बसतां त्वचा रापल्यासारखी दिसावी म्हणून पाश्चात्य देशांत अंगाला जें विलेपन लावतात, आणि ज्याला 'सेल्फ-टॅनर' असें नांव आहे, त्याचा तो रंग आहे.

हें विलेपन वापरणाऱ्यांची नेहमींची तक्रार एकच. अंगावर रंग ठीक बसतो. पण आवडत्या वस्त्रावर तांबूस डाग पडतो आणि तो धुवून जात नाहीं. डाग कसा टाळावा याचे नियम चार-दोन वाक्यांत सांगतां येतील. परंतु ते नियम कां पाळावयाचे हें कळण्यासाठीं या रंगाचा इतिहास पाहिला पाहिजे. कारण त्या इतिहासांत मध्यंतरीं डागाचा स्वभावच बदलला, आणि माणसांच्या सवयी मात्र जुन्या डागाला साजतील अशाच राहिल्या.

विषय ऐकतांच कांहीं श्रोत्यांना हंसूं येईल. आपल्याकडे गोरेपणासाठीं मलमें विकलीं जातात, आणि तिकडे गोरीं माणसें सांवळीं दिसण्यासाठीं पैसे मोजतात! परंतु दोहोंकडे वृत्ति एकच आहे. युरोपांतही शतकानुशतकें फिकट कांति हें कुलीनतेचें लक्षण मानलें जाई. शेतांत राबणारा रापे, वाड्यांत बसणारा पांढरा राही. पुढें गिरण्या, कारखाने आणि कचेऱ्या वाढल्या, श्रमजीवी मनुष्य दिवसभर छपराखालीं कोंडला गेला, आणि समुद्रकांठीं उन्हांत पहुडण्याची फुरसत हीच श्रीमंतीची खूण ठरली. त्यांतच वैद्यकाची साक्ष मिळाली. कोपनहेगन येथील नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार केल्याबद्दल १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि सूर्यप्रकाश हें औषध आहे ही समजूत दृढ झाली. पॅरिसमधील वस्त्रकार जाँ पातू यांनीं १९२७ सालीं उन्हांत अंगाला लावण्याचें एक तेल बाजारांत आणलें व त्याला 'खाल्डियाचें तेल' अशा अर्थाचें नांव दिलें. रापलेली त्वचा आतां विकत घेण्यासारखी वस्तु झाली होती.

मात्र अंगाला प्रत्यक्ष रंग लावण्याची पाळी मोठ्या प्रमाणावर आली ती शौकामुळें नव्हे, टंचाईमुळें. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं पाश्चात्य स्त्रीच्या पायांत रेशमी मोजे असणें हा सभ्य वेषाचा भाग होता. अमेरिकेंतील मोज्यांचें रेशीम बहुतांशीं जपानहून येई. १९३८ च्या ऑक्टोबरांत ड्यू पाँ कंपनीनें नायलॉनची घोषणा केली, आणि १९४० च्या १५ मे रोजीं नायलॉनचे मोजे अमेरिकेंत सर्वत्र विक्रीस आले. पण हें सुख अल्पकाळच टिकलें. १९४१ च्या उन्हाळ्यांत जपानशीं व्यापार तुटून रेशीम थांबलें, आणि १९४२ च्या आरंभीं नायलॉनही हवाई छत्र्या व दोरखंड यांकडे वळविण्यांत आलें.

इंग्लंडची स्थिति याहून बिकट होती. तेथें १९४१ च्या १ जूनपासून कपड्यांवर कूपनें आलीं. पहिल्या वर्षीं माणशीं ६६ कूपनें मिळत. त्यांतून लोकरी झग्याला ११ आणि मोज्यांच्या एका जोडीला २ द्यावीं लागत. ही पद्धति १९४९ च्या १५ मार्चपर्यंत, म्हणजे युद्ध संपल्यावरही जवळजवळ चार वर्षें चालू राहिली. १९४२ च्या फेब्रुवारींत साबणही शिध्यावर आला. आपल्याकडेही १९४३ सालीं सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. तेव्हां धडुतें जपून वापरणें म्हणजे काय, हें आपल्या घरांतील वडील मंडळींनाही सांगावें लागलें नसेल.

अशा वेळीं स्त्रियांनीं मोजे रंगानें काढले. अमेरिकेंत एलिझाबेथ आर्डेन यांच्या कंपनीनें 'व्हेल्वा लेग फिल्म' नांवाचा पायांना लावण्याचा द्रव विकला. इतर अनेक कंपन्यांचे तसेच द्रव निघाले. ज्यांना ते परवडत नसत किंवा मिळत नसत, त्या इंग्लंडांतील स्त्रिया चहाचें पाणी, कोको, किंवा रश्श्याला तांबूस रंग आणण्याचा स्वयंपाकघरांतील अर्क पायांना लावीत, आणि पोटरीवर भुवया रेखण्याच्या पेन्सिलीनें शिवणीची रेघ ओढीत. दुरून पाहणाऱ्याला मोजे घातल्याचा भास होई. पाऊस आला कीं भास धुवून जाई.

या रंगाचा डाग कसा होता, इकडे लक्ष द्यावें. तो त्वचेवर बसलेला लेप होता. त्वचेशीं त्याचें नातें भिंतीशीं चुन्याचें असतें तेवढेंच. घासला कीं निघे, भिजला कीं ओघळे. झग्याच्या कांठाला, खुर्चीच्या गादीला आणि पलंगावरच्या चादरीला तो लागे. ११ कूपनांचा झगा डागाळला तर दुसरा लवकर मिळावयाचा नाहीं, आणि डाग काढावयाचा साबणही मोजून मिळावयाचा. म्हणून एवढ्याशा डागाची धास्ती मोठी होती. जाहिरातींतूनही 'हा रंग कपड्याला लागत नाहीं' हें आश्वासन मोठ्या अक्षरांत दिलें जाई. परंतु या डागाचा एक गुण होता. तो प्रामाणिक होता. लागला कीं तत्काळ दिसे, आणि बहुधा पाण्यासाबणानें निघे. त्यावर उपायही सरळ होते. लेप पुरता वाळूं द्यावा, वरचा जादा भाग कोरड्या फडक्यानें पुसावा, मगच वस्त्र नेसावें, आणि रात्रीं पाय धुवून निजावें. रंग वाळला म्हणजे भय संपलें, हा धडा त्या पिढीनें गिरविला. पुढच्या पिढीला तोच धडा अपुरा पडला.

कारण यानंतर जो रंग आला, तो लेप नव्हताच. त्याचा शोध शृंगाराच्या दुकानांत लागला नाहीं. तो लागला आजारी मुलांच्या खाटांशीं. अमेरिकेंतील सिनसिनाटी विश्वविद्यालयांत एव्हा विटगेनस्टाइन नांवाच्या संशोधक स्त्री १९५० नंतरच्या दशकांत एका जन्मजात विकाराचा अभ्यास करीत होत्या. या विकारांत शरीराला साखरेच्या सांठ्याचा नीट उपयोग करतां येत नाहीं. त्याच्या परीक्षणासाठीं मुलांना डायहायड्रॉक्सिॲसिटोन नांवाची एक साधी साखर पाण्यांतून मोठ्या प्रमाणांत पाजीत. मुलेंच तीं, कांहीं घोट सांडत, कांहीं थुंकून टाकीत. कांहीं तासांनीं पाहावें तों, जेथें जेथें तें गोड पाणी अंगाला लागलें तेथें तेथें त्वचेवर तपकिरी ठिपके उमटलेले! पाणी तर रंगहीन होतें. विटगेनस्टाइन यांनीं तोच द्रव स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिला, आणि प्रत्येक वेळीं तोच रंग आला. हेलेन बेरी यांच्यासह त्यांनीं हें निरीक्षण १९६० सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें.

या हकीगतींतील एक बारीक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. मुलांच्या अंगावर ठिपके उमटले, पण त्यांच्या कपड्यांवर उमटले नाहींत, असें पुढील वैद्यकीय लेखांत नमूद आहे. मग आज जी सर्वत्र तक्रार ऐकूं येते ती कशी? हें कोडें सोडवण्यासाठीं आपल्याला स्वयंपाकघरांत जावें लागेल.

१९१२ सालीं लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, साखर आणि प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लें, एकत्र तापविलीं असतां तपकिरी रंगाचे पदार्थ तयार होतात. पावाचा तांबूस पापुद्रा, भाजलेल्या कॉफीचा रंग, मंद आंचेवर आटत गेलेल्या दुधाची बदामी छटा, या सर्वांच्या मुळाशीं मुख्यतः हीच क्रिया आहे. डायहायड्रॉक्सिॲसिटोन ही फार चपळ साखर आहे. तिला चुलीची गरज लागत नाहीं, शरीराची ऊब पुरते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून तो केराटिन नांवाच्या प्रथिनानें भरलेला असतो. त्या थरांतील अमिनो आम्लांशीं ही साखर जोडली जाते आणि दोन ते चार तासांनीं रंग दिसूं लागतो; पुढें दिवसभर तो गडद होत जातो. हा रंग बाहेरून फासलेला नसतो. तो त्वचेच्या पदार्थांतूनच घडतो. म्हणूनच तो पाण्यानें किंवा साबणानें निघत नाहीं.

आतां कोड्याचें उत्तर हातीं आलें. या साखरेला रंग होण्यासाठीं प्रथिन लागतें. कापूस हा सेल्युलोजचा बनलेला. त्यांत अमिनो आम्लें नाहींत. स्वच्छ सुती कापडावर हा द्रव सांडला आणि धुतला गेला, तर रंग व्हावयास जोडीदारच मिळत नाहीं. परंतु रेशीम आणि लोकर हीं प्राण्यांपासून मिळणारीं, निखळ प्रथिनांचीं बनलेलीं सुतें आहेत. लोकरींत तर तेंच केराटिन आहे जें आपल्या त्वचेंत आणि केसांत आहे. रसायनाच्या दृष्टीनें लोकरीचें वस्त्र म्हणजे दुसरी कातडीच! त्वचेवर जें घडतें तेंच त्यावर घडतें. नायलॉन हें प्रथिन नव्हे. पण त्याच्या घडणींतही अशा जोडणीला थोडी जागा असते, म्हणून त्यावरही डाग बसतो. आपल्या ओळखीचें उदाहरण द्यावयाचें तर मेंदीचें देतां येईल. मेंदीचा रंग तळहाताशीं, केसांशीं, लोकरीशीं आणि रेशमाशीं घट्ट जुळतो. सुतावर मात्र तो तितका पक्का बसत नाहीं. कारण येथेंही तेंच: रंगाचें सख्य प्रथिनाशीं आहे.

हा शोध व्यापाऱ्यांच्या हातीं जाण्यास वेळ लागला नाहीं. १९६० च्या सुमारास 'मॅन-टॅन' नांवाचें विलेपन अमेरिकेंत गाजलें, आणि लौकरच कॉपरटोन कंपनीनेंही आपलें विलेपन काढलें. प्रारंभींच्या या मालाची कीर्ति फारशी चांगली राहिली नाहीं. रंग नारिंगी येई, पट्टे पडत, तळहात पिवळे होत. पुढें १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अन्न व औषध खात्यानें ही साखर बाहेरून लावण्याच्या प्रसाधनांत वापरण्यास कायम मान्यता दिली, आणि द्रवाची शुद्धता व मिश्रणें सुधारत गेल्यावर रंगही अधिक स्वाभाविक दिसूं लागला.

डागाचा स्वभाव बदलला, असें मी आरंभीं म्हटलें तें येथें स्पष्ट होतें. युद्धकाळांतील लेप वाळला कीं निर्धास्त होतां येई. हें विलेपन वाळलें तरी त्याचें काम तेव्हां कोठें सुरू झालेलें असतें. त्वचेवर उरलेली रंगहीन साखर घामाबरोबर वस्त्रांत उतरते. वस्त्र त्या वेळीं निष्कलंक दिसतें. तें तसेंच घडी करून ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशीं उघडावें तों गळ्याशीं, कांखेशीं, कमरेशीं तपकिरी सावली! हा डाग अप्रामाणिक आहे. तो लागतो एका वेळीं आणि दिसतो दुसऱ्या वेळीं. शिवाय एकाच बाटलींत दोन डाग असतात. द्रव रंगहीन असला कीं कोठें लावला आणि कोठें राहिला हें कळत नाहीं. म्हणून त्यांत पुष्कळदां तात्पुरता तपकिरी रंग मिसळतात. हा दिसणारा रंग पहिल्या स्नानांत धुवून जातो, आणि वस्त्रावरूनही बहुधा जातो. तो गेला म्हणून मनुष्य समाधान मानतो. खरा डाग मागाहून वर येतो. सुती वस्त्रही सर्वस्वीं सुरक्षित नसतें, कारण अंगांतून झडलेल्या त्वचेचे कण आणि घाम त्याला चिकटलेले असतात व त्यांच्याशीं साखरेचें सूत जुळूं शकतें.

इतका इतिहास पाहिल्यावर डाग टाळण्याचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात. विलेपन लावण्यापूर्वीं स्नान करून अंग पूर्ण कोरडें करावें; थर पातळ लावावा, कारण त्वचेनें न घेतलेला जादा भागच वस्त्राच्या वांट्याला जातो. लावल्यावर हात, विशेषतः तळवे, ताबडतोब साबणानें धुवावे, नाहींतर बोटें लागतील तेथें डाग जाईल. अंग वाळेपर्यंत कांहीं नेसूं नये. त्यानंतरही रंग पुरता येईपर्यंत, म्हणजे निदान सहा ते आठ तास, सैल, गडद रंगाचें, जुनें सुती वस्त्र वापरावें. त्या काळांत घाम येईल असें काम टाळावें. रात्रीं लावलें असल्यास अंथरुणावर जुनी सुती चादर घालावी. विलेपनाबरोबर दिलेल्या सूचनेंत सांगितलेली वेळ भरली म्हणजे कोमट पाण्यानें अंग धुवून वरची उरलेली साखर काढून टाकावी. हें स्नान झाल्यावरच रेशीम, लोकर, नायलॉन किंवा शुभ्र वस्त्र अंगाला लावावें.

तरीही विलेपन वस्त्रावर सांडलेंच, तर डाग दिसण्याची वाट पाहूं नये. ही साखर पाण्यांत सहज विरघळते. रंग होण्यापूर्वींचे पहिले कांहीं तास हीच काय ती संधि. त्या वेळीं थंड पाणी भरपूर ओतून वस्त्र उलट बाजूनें खळबळून काढावें आणि मग सौम्य साबण लावावा. ऊन पाणी, धुण्याचा सोडा आणि इस्त्री यांपासून तें दूर ठेवावें, कारण उष्णता आणि क्षार हीं दोन्ही या रंगक्रियेला वेग देतात. स्वयंपाकघरांत जी आंच पाव तांबूस करते, तीच इस्त्रीची आंच डाग पक्का करते. रेशमावर किंवा लोकरीवर क्लोरीनचें रंगकाट पाणी कधींही घालूं नये. डाग राहील आणि वस्त्र मात्र जाईल. आपल्या घरांतील हळदीच्या डागाचा अनुभव येथें उपयोगी पडत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. हळदीचा डाग साबण लागतांच लाल होतो, पण उन्हांत वाळवला कीं हळूहळू उडतो. या डागाला उन्हाची तशी भीति नाहीं.

ऊन म्हटल्यावर एक इशारा देणें कर्तव्य आहे. खरें ऊन लागून त्वचा सांवळी होते तेव्हां त्या रंगाचें थोडेंसें संरक्षण तरी मिळतें. या विलेपनाचा रंग आला म्हणून उन्हापासून म्हणण्यासारखें संरक्षण मिळत नाहीं. रंगाकडे पाहून निर्धास्तपणें उन्हांत बसणाऱ्याची कातडी पूर्वीसारखीच भाजते. तसेंच डोळे, ओठ आणि नाकाच्या आंतील भाग यांना तें लागूं देऊं नये, व फवाऱ्यानें अंगावर उडवीत असतां श्वासावाटें आंत घेऊं नये.

आतां शेवटची गोष्ट. अंगावरचा हा रंग पांच ते सात दिवसांत फिका होतो. तो कोणी धुवून काढीत नाहीं. आपल्या त्वचेचा वरचा मृत थर रोज थोडा थोडा झडत असतो, आणि त्या थराबरोबर रंगही गळून जातो. शरीर आपली चूक स्वतःच विसरतें. रेशमाच्या धाग्याला ही सोय नाहीं. तो एकदां कोशांतून उकलला, विणला गेला, म्हणजे त्याला नवी कातडी येत नाहीं. त्याच्यावर जें घडलें तें त्याच्यापाशींच राहतें. इंग्लंडांतील त्या स्त्रियांना कूपनांच्या हिशेबामुळें वस्त्राचें हें मोल कळलें होतें, आणि आपल्याकडील वडीलधाऱ्या बाईला तें कूपनांवांचून कळतें. म्हणून ती गाठोडें सोडते, शालू तसाच ठेवते, आणि जुनेर बाहेर काढते.